कपाटामागचा जोड

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांखालची लाइट मी स्वतः बसवली, हे जळगावातल्या आमच्या गल्लीला आणि धुळे जिल्ह्यातल्या निम्म्या नातेवाइकांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. ती बसवताना एक जोड मी कसा दिला, हे मात्र वर्षभर मला एकट्यालाच ठाऊक होतं. लिहायला बसलो तो त्या जोडासाठी. लाइटबद्दल लिहिणं त्या मानानं सोपं, म्हणून तिथून सुरुवात करतो.

मी पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. हातानं करायचं काम आता कमी, तपासायचं जास्त. ठेकेदाराची माणसं वायरिंग करून जातात, मग मी प्रत्येक बॉक्स उघडतो, जोडलेली वायर चिमटीत धरून ओढतो. हलली की म्हणतो, "परत करा." बोलायला मी पहिल्यापासून कमी. कारखान्यात त्याचा धाक वाटतो, घरी त्याला घुमेपणा म्हणतात.

आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यानंतर घरात बरीच डागडुजी काढली. त्यात स्वयंपाकघर आलं. जुनी मांडणी काढून ओट्यावर कपाटं बसवली. कपाटं झाली आणि बायकोची जुनी तक्रार आणखी वाढली. ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर आणि ओटा पुढे. आता तर कपाटांचीही सावली.

"अहो, कांदा चिरू की सावली चिरू?" ती म्हणाली.

मी नेहमीप्रमाणे हूं म्हटलं. तिनं माझा हात धरून मला ओट्यापाशी उभं केलं, हातात सुरी दिली आणि म्हणाली, "चिरा." मी वाकलो आणि माझ्याच डोक्याची सावली कांद्यावर पडली. इतकी वर्षं मी त्या खोलीत फक्त जेवायला आणि पाणी प्यायला जात होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो.

लाइटचा दुकानदार ओळखीचा. सराफांच्या दुकानांचं काम करून करून त्याची जीभही तशीच झाली होती. त्यानं काउंटरवर एलईडीच्या तीन पट्ट्या लावून दाखवल्या. एक पिवळसर, एक निळसर पांढरी, एक मधली.

"वहिनी, सोन्यावर पिवळा टाकायचा, चांदीवर पांढरा. तुम्हाला ओट्यावर काय मांडायचं आहे ते सांगा."

"मेथी," बायको म्हणाली. "आणि मांडायची नाही, निवडायची आहे."

दुकानदार हसला, पण हिनं पिशवीतून खरंच मूठभर तूरडाळ काढली. घरून आणली होती. तिन्ही पट्ट्यांखाली धरून बघितली. पिवळ्याखाली डाळ सुरेख दिसली आणि त्यातला खडाही डाळीसारखाच सुरेख दिसला. पांढऱ्याखाली खडा लगेच दिसला, पण तिचा हात आजारी माणसाच्या हातासारखा दिसायला लागला. "नको बाई, रोज सकाळी हॉस्पिटलमध्ये गेल्यासारखं वाटेल." मधली घेतली. मला मनातून पिवळी हवी होती. मी बोललो नाही. ते एक बरं झालं.

बाकीची निवड माझी. नुसती पट्टी चिकटवली तर वाफेनं आणि फोडणीच्या तेलानं महिन्याभरात चिकट होते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ आणि तिच्यावर दुधी झाकण घेतलं. एलईडीचे ठिपके काळ्या ग्रॅनाइटवर मण्यांसारखे दिसू नयेत म्हणून दाट दिव्यांची पट्टी. ती चालवायला ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज कमी दाबाची करून देणारा डबा. तोही पट्टीला लागते त्याहून थोडा जास्त ताकदीचा, म्हणजे तापणार नाही. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला काय सांगायचं!" मला ते आवडलं.

रविवारी काम काढलं. पन्हळ मी कपाटाच्या तळाला मागे नाही, पुढच्या कडेला बसवली. पुष्कळ लोक मागे भिंतीलगत लावतात, मग टाइल्स उजळतात आणि हात अंधारातच राहतात. पट्टी कापायची तिथंच कापली, कोपऱ्यावर सोल्डरिंगचा डाग देऊन वळवली, झाकण बसवलं. ड्रायव्हर कपाटाच्या वर, हवा लागेल असा मोकळा ठेवला. इथपर्यंतचं काम कोणीही येऊन तपासावं.

राहिली होती ड्रायव्हरला लागणारी वीज. त्यासाठी बोर्डापासून वेगळी वायर आणायला हवी होती. पण त्यासाठी फ्रिज सरकवायचा, दाराची चौकट ओलांडायची, म्हणजे अर्धा दिवस. मिक्सरच्या सॉकेटला जाणारी वायर मात्र कपाटाच्या पाठीमागूनच खाली येत होती. कपाटाची मागची फळी काढून मी ती मध्येच तोडली. वरून येणारी, खाली सॉकेटला जाणारी आणि ड्रायव्हरला जाणारी, अशा तिन्ही तारा एकत्र पिळल्या आणि टेप गुंडाळली. प्रत्येक वायरीत तारा दोन असतात, दुसऱ्या तारेचंही तसंच केलं. दोन्ही जोड शेजारी शेजारी, एकाच उंचीवर. स्क्रू आवळायचा कनेक्टर घरात नव्हता, कारखान्यातल्या बॅगेत होता. म्हटलं, उद्या आणून बसवू.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाइटला वीज अगदी थोडी लागते, तिच्यासाठी तो जोड चालून गेला असता. पण मिक्सरची सगळी वीजही आता त्या पिळलेल्या तारांमधूनच जाणार होती. सैल जोडातून जास्त वीज गेली की तो तापतो. तापला की टेप मऊ पडते. दोन जोड शेजारी असले की एके दिवशी ते एकमेकांना टेकतात, म्हणजे शॉर्टसर्किट. कारखान्यात मी हे नव्या माणसांना शिकवतो. त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या एका वायरमनचं काम मी अशाच जोडासाठी थांबवलं होतं, चारचौघांत.

संध्याकाळी शेजारच्या बायका ओटा बघायला आल्या. बायकोनं बटण दाबलं आणि सगळ्यांच्या तोंडून "अगं बाई" निघालं. उद्याचा कनेक्टर राहिला तो राहिलाच.

आता अक्काबद्दल. अक्का माझी थोरली बहीण. नरडाण्याला असते, मुलगा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. आबा शेवटी बरेच महिने अंथरुणाला होते, तेव्हा ती स्वतःचं घर सोडून आमच्याकडे येऊन राहिली. आबांनी अन्न सोडल्यासारखंच केलं होतं. मी चमचा पुढे केला तर तोंड मिटायचे. माझी बायको गेली तर मान फिरवायचे. अक्का भाकरी दुधात कुस्करून हातानं घास द्यायची, तो तेवढा घ्यायचे. "ऊं, आबा," ती लहान मुलाला म्हणावं तसं म्हणायची आणि ते तोंड उघडायचे. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा एक घास घेतला होता. अक्का ते सगळ्यांना सांगायची. कोणी विचारलं नाही तरी सांगायची.

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात. आई-आबा गेले की भावाचं घर तेच माहेर. त्याच दिवशी पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर पुजायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरस करायचा, आणि आगारी टाकायची. आगारी म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडून, एकेका पूर्वजाचं नाव घेऊन पोळीचा घास त्या अग्नीत टाकायचा. तूप पेटतं, घास जळतो, म्हणजे त्यांनी जेवण घेतलं. हे काम मुलानं करायचं असतं.

आबांनंतरची ती पहिली आखाजी आणि नव्या स्वयंपाकघरातलीही पहिली. अक्का आणि दाजी आदल्या दिवशी आले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, एसटीत कंडक्टर होते, अजूनही गर्दीला सरकवल्यासारखे बोलतात. लाइट बघून म्हणाले, "वा रे भाऊ! सराफाचं दुकान काढलं का घरात? भाकरी तोळ्यावर विकशील!"

सकाळपासून ओट्यावर धांदल. गॅसच्या एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर कुरडया-भजी. पुरण मिक्सरमधून काढून झालं होतं, रशी उकळायची राहिली होती. पुरणपोळीसोबतच्या आमटीला आम्ही रशी म्हणतो. बायकोनं विजेची शेगडी काढली आणि मिक्सरच्या सॉकेटला लावली. त्या शेगडीला मिक्सरच्या कितीतरी पट वीज लागते. मी तिथंच उभा होतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं लक्ष मोबाइलकडे होतं. कारखान्याच्या ग्रुपवर टाकायला मला नव्या ओट्याचा, सणाच्या ताटांचा व्हिडिओ हवा होता.

आगारीची वेळ झाली. बायको म्हणाली, "तवा गॅलरीत ठेवा, धूर होईल."

"आगारी चुलीपाशीच टाकतात, बाई," अक्का म्हणाली. "आबा काय गॅलरीत जेवतील?"

निखाऱ्यांचा तवा ओट्यावर, गॅसच्या बाजूला ठेवला. आता मी पुढे व्हायचं. पण पणजोबा, खापरपणजोबा यांची नावं मला येत नाहीत आणि हातात मोबाइल. मी म्हटलं, "अक्का, तूच टाक. बठ्ठा नावे तुलेच पाठ शेतस." सगळी नावं तुलाच पाठ आहेत, असं. आम्ही दोघं आपसांत अहिराणीतच बोलतो. इथे मी पुष्कळसं साध्या मराठीत लिहितो आहे.

ती जरा थबकली. "मी? आंडेरना हातना घास चालस का?" लेकीच्या हातचा घास चालतो का, असं ती विचारत होती.

"आबांना तुझ्याच हातचा चालायचा की," मी म्हणालो.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मोबाइलमधून बघितलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, तूप सोडलं, नावं घेत घेत घास टाकायला लागली. मागच्या पिढ्या झाल्या. आबांचा घास मोडायला तिनं पोळी हातात घेतली तेव्हा कपाटाखालची लाइट लुकलुकली. मग परत एकदा. अशा लुकलुकण्याचा अर्थ मला झोपेतसुद्धा कळेल. मुख्य बटण दाराजवळ होतं, दोन पावलांवर. मी व्हिडिओ घेत राहिलो.

"आबा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. तूप भडकलं, आणि त्याच क्षणी कपाटामागे फाट्कन आवाज झाला. लाइट गेली, शेगडी गेली, खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास पसरला. अक्का दचकून मागे सरली, हात तव्याला लागला, निखारे ओट्यावर सांडले. आणि आबांचा घास अग्नीत न पडता खाली फरशीवर पडला.

दाजींनी पाणी ओतलं. बायकोनं अक्काचा हात नळाखाली धरला. मनगटावर भाजलं होतं. सगळे वर बघत होते आणि मग माझ्याकडे, कारण घरात विजेतलं कळणारा मी.

मी म्हणालो, "तुपाचा भडका वर गेला. पट्टीला लागला."

एवढंच. सरळ, रोजच्या आवाजात. खोटं बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

अक्का फरशीवरच्या घासाकडे बघत होती. ती म्हणाली, "आबानी घास लिधा नही." घेतला नाही.

दाजी म्हणाले, "अगं, भडका झाला, त्यात आबा कुठून आले?" पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता. माझी बायको म्हणाली, "अक्का, जाऊ द्या, होतं असं." मी बोर्डाकडे गेलो. पडलेला एमसीबी, म्हणजे वीज जास्त झाली की आपोआप पडणारा खटका, बघितला, शेगडीची पिन काढली. तिच्याकडे पाठ करून उभं राहायला काहीतरी हवं होतं.

आखाजीला आलेली लेक चार दिवस राहते. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.

ती गेल्यावर मी कपाट रिकामं करून मागची फळी काढली. पन्हळीच्या दुधी झाकणावर काजळीचा एक ठिपका नव्हता, आगारीची झळ तिथपर्यंत पोचलीच नव्हती. मागे दोन्ही जोडांची टेप आतून वितळून एकजीव झाली होती, तारा काळ्या आणि ठिसूळ. तेवढा तुकडा मी कापून काढला. वेगळी वायर आणली, फ्रिज सरकवला, चौकट ओलांडली, अर्धा दिवस घालवला. बॉक्स बसवला, कनेक्टर आवळले. बायकोला सांगितलं, "ड्रायव्हर गेला होता. बदलला." काळा तुकडा फेकून द्यायला निघालो होतो, तो हत्यारांच्या पेटीत ठेवला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

रक्षाबंधनाला अक्काची राखी पोस्टानं आली. दिवाळीत भाऊबीजेला तिच्या गुडघ्यांनी निमित्त दिलं. आम्ही दोघं नरडाण्याला जाऊन आलो. ओवाळलं तिनं, पण नजर ताटात. तिची सून स्वयंपाकघरात हळूच माझ्या बायकोला म्हणाली, आत्याबाईंनी आता नैवेद्यसुद्धा दाखवायचं सोडलंय, मलाच लावतात, म्हणतात माझा हात चालत नाही. आबांचा फोटो तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर होता, तो तिथून हलला होता. मी पाहिलं आणि लाडू खाल्ला.

सांगायच्या संधी पुष्कळ आल्या. दर वेळी मी मनात वाक्य जुळवायचो, आणि दर वेळी ते 'त्यात काय एवढं' इथे येऊन थांबायचं. लाइट गेली, दुरुस्त झाली, त्यात काय एवढं. उलट आता सांगितलं तर इतके दिवस का गप्प बसलास, हे विचारतील. जितके दिवस जास्त, तितकं ते अवघड. शिवाय मी कारखान्यात ज्याचं काम थांबवलं तो वायरमन रोज समोरून जायचा, नमस्कार करायचा.

यंदा आखाजी जवळ आली. बायकोनं अक्काला फोन लावला, स्पीकरवर. अक्का म्हणाली, "नको बाई. मी आले की तुमच्या घरात काही ना काही होतं. भावानं सुखानं सण करावा." बायकोनं आर्जवं केली. "अक्का, वर्ष झालं त्याला. तुमच्या हातून मुद्दाम झालं का ते? आम्ही मनातसुद्धा धरलं नाही."

फोन ठेवल्यावर मी बायकोला सांगितलं. ती भरताची वांगी निवडत होती, त्या लाइटखालीच. जोड, टेप, कनेक्टर, लुकलुकणं, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे वर्षभर मी अक्कांना माफ करत होते," ती म्हणाली. "तुमच्या चुकीबद्दल. आणि तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात."

"हो."

"लाइट गेल्याचं मला काही वाटत नाही हो. चुका होतात. पण त्या बाईनं आबांना लेकरासारखं भरवलं." तिनं वांगं टोपलीत टाकलं. "मला नका सांगू हे. तिकडे जा. फोनवर नाही, जा."

मी गेलो. जळगावहून नरडाण्याला जाणारी गाडी धरणगाव, अमळनेर करत जाते. आमचं मूळ गाव धरणगावच्या बाजूचं. कापसाची रिकामी शेतं, पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले. खिशात एका प्लास्टिकच्या पिशवीत तो काळा तुकडा होता. तुकड्याशिवाय सांगितलं तर अक्का म्हणेल, भाऊ माझी समजूत काढायला आला. ती तसं म्हणणार याची मला खात्री होती, कारण मी कधी कोणाची समजूत काढायला जात नाही.

दाजी बाहेर गेले होते. अक्का ओसरीत शेवया वाळत घालत होती. मला बघून घाबरलीच. "काय झालं? बठ्ठं बरं शे ना?"

"बरं आहे. बस, तुला सांगायचंय."

मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं तुकडा बाहेर काढला, उलटासुलटा केला. मनगटावर भाजल्याचा डाग होता, पुसट झालेला. मी सांगायला लागलो, की कारखान्यात दुसऱ्यांचे जोड मी ओढून बघतो, स्वतःचा बघितला नाही. वीज, जोड, सॉकेट हे शब्द तिला लागेनात. मग म्हटलं, "तू माझ्या लहानपणी शेजारच्या पोरींच्या वेण्या घालायचीस. सैल घातली की शाळेत जाईपर्यंत सुटायची. तसा सैल पीळ मी ह्या तारांना दिला. सैल तार तापते. सकाळपासून तापत होती. तुझ्या आधीपासून. तू नुसता चहा ठेवला असतास तरी ती त्याच वेळी फुटली असती. तुपाचा भडका तिथपर्यंत गेलाच नव्हता."

"हाई तू करेल शे?"

"हो."

"तुले तव्हयच माहीत व्हतं?"

मी हो म्हणालो. हे 'हो' जोडाच्या 'हो'पेक्षा जड गेलं. पुढे तेही सांगितलं, की लाइट आधी लुकलुकली होती, मी पाहिली होती आणि बटण बंद केलं नाही.

शेवया उन्हात होत्या, एक कावळा येऊन बसला, तिनं हाकलला नाही. मला वाटलं होतं रडेल, किंवा बरं वाटेल तिला. तिला राग आला. अक्काला मी रागावलेली क्वचितच पाहिली आहे.

"वरीसभर काबर नही सांगं?" का नाही सांगितलंस? "मी वर्षभर आबांना विचारत होते. माझं काय चुकलं, म्हणून. फोटो उतरवून ठेवला, बघवेना म्हणून. भरवताना कधी रागावले होते का त्यांना, ते आठवत बसायची. एकदा रागावले होते. दूध सांडलं म्हणून. मला वाटलं, तेच मनात धरलं त्यांनी." मग तुकडा माझ्यापुढे टाकून म्हणाली, "आणि ते हे होतं."

मला माफ कर, असं मी म्हणालो. आमच्यात असं म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे ते परक्या भाषेतलं वाटलं. ती उठून आत गेली, चहा केला, कप आदळून ठेवला.

चहा झाल्यावर म्हणाली, "आखाजीला येईन. पण तू बठ्ठास्ना समोर सांगशी, तव्हयच. वर्षभर सगळे म्हणताहेत अक्काच्या हातानं झालं. आता सगळ्यांनी ऐकायचं."

"सांगेन."

"आगारीच्या आधी."

"हो."

निघताना तिनं शेवयांची पिशवी दिली. रागात असली तरी रिकाम्या हातानं पाठवायची नाही.

आखाजीला अक्का आणि दाजी आदल्या दिवशी आले. सणाच्या सकाळी घागर पुजून झाली, डांगर तिच्यावर बसवलं. तवा ओट्यावर त्याच जागी ठेवला. घरचे सगळे स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे. मला सुरुवात करता येईना. बायको माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम. अक्का बघत होती.

मी सांगितलं. जमेल तसं, मध्ये थांबत. मागच्या वर्षी अक्कामुळे काही झालं नव्हतं, वायर मी वाईट जोडली होती, मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो.

मग दाजी म्हणाले, "म्हणजे वर्षभर आमच्या सासऱ्यांवर आळ होता, तो आज सुटला म्हणा की!" एक-दोघं हसले. "आणि साहेब, कारखाना अजून उभा आहे ना? बघून या एकदा." मला त्या टोमण्याचं वाईट वाटलं नाही. त्याहून कडक काहीतरी येईल म्हणून मी तयार होतो.

"आता तुम्ही टाका आगारी," बायको मला म्हणाली. "नावं अक्का सांगतील."

"नाही," मी म्हणालो. "अक्काच टाकेल. घास तिचा राहिलाय."

अक्कानं पदर डोक्यावर घेतला. तूप हातात घेतलं आणि थांबली. वर पन्हळीकडे बघितलं.

"पहिले लाइट बंद कर."

"अगं, आता नीट आहे. मी सगळं..."

"आबावर मना भरोसा शे. तुनावर नही."

मी नुसतं बटण नाही, बोर्डावरचा एमसीबीच खाली केला. खिडकीतून येत होता तेवढा उजेड. तिनं नावं घेतली, एकेक घास टाकला. शेवटचा घास तिनं जरा मोठा मोडला. "ऊं, आबा," ती म्हणाली, आणि टाकला. तूप पेटलं, घासाला कडेनं आच धरली, मग तो सगळाच जळाला. ती पूर्ण जळेपर्यंत बघत राहिली. मग तव्याभोवती पाणी फिरवलं आणि म्हणाली, "वाढा."

पुरुषांची जेवणं झाली. बायकांच्या पंगतीला ओट्याशी अंधार वाटायला लागला. बायको म्हणाली, "आता लावा लाइट." मी बोर्डाकडे निघालो तर अक्कानं अडवलं.

"आधी दाखव. मागे काय केलंय ते."

वरच्या कपाटातले डबे मी एकेक खाली काढले. मागचा बॉक्स उघडला. तारा कनेक्टरमध्ये आवळलेल्या, वेगवेगळ्या. ती स्टुलावर चढायला निघाली, दाजींनी धरली.

"नरडाण्याला सांगितलं होतंस ना, कारखान्यात ओढून बघतोस? ओढ."

मी पहिली तार चिमटीत धरून ओढली. हलली नाही. दुसरी ओढली.

"आखो ओढ," ती म्हणाली. "जोरात."

मी परत ओढली. तिसरी, चौथीही. तिनं प्रत्येक तार नजर न हलवता बघितली, मी ठेकेदाराच्या माणसांच्या बघतो तशी. मग मान हलवली, स्टुलावरून उतरली, आणि ताट घेऊन जेवायला बसली. मी झाकण लावलं, डबे जागेवर ठेवले आणि एमसीबी वर केला.